हवेवर जगणारा पाहुणा

मराठीत सरडा रंग बदलतो तो बहुधा निवडणुकीच्या तोंडावर. बेभरवशाच्या माणसाला नाव ठेवायचे झाले की आपल्याला हा प्राणी आठवतो; एरवी तो कुंपणावर असतो आणि त्याची धावही कुंपणापर्यंतच असते. इंग्रजीच्या वर्गात कीट्स शिकवताना मात्र हीच प्रतिमा एकाएकी प्रतिष्ठित होते. २७ ऑक्टोबर १८१८ रोजी रिचर्ड वुडहाऊसला लिहिलेल्या पत्रात कीट्सने कवीला शॅमेलिऑनची उपमा दिली. कवीला स्वतःचे असे व्यक्तित्व नसते, तो ज्याच्यात शिरेल तेच होतो, असा त्या पत्राचा आशय. एकाच प्राण्याच्या एकाच गुणावरून एकीकडे दूषण तयार झाले आणि दुसरीकडे काव्यविषयक सिद्धान्त. दोहोंच्या मुळाशी गृहीत तेवढे एकच आहे: या प्राण्याजवळ स्वतःचे काही नसते, शेजारी जे असेल त्याचा रंग तो घेतो.

हे गृहीत आले कोठून, आणि हा प्राणी कोणी प्रत्यक्ष घरात सांभाळून पाहिला तेव्हा त्या गृहीताचे काय झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी आपल्याला सतराव्या शतकातील पॅरिसमध्ये, एका वृद्धत्वाकडे झुकलेल्या कादंबरीकर्तीच्या घरी जावे लागेल. तत्पूर्वी नावाचा एक खुलासा. आपल्या कुंपणावरचा सरडा वेगळा आणि शॅमेलिऑन वेगळा. शॅमेलिऑनचे डोळे एकमेकांपासून स्वतंत्रपणे फिरतात, बोटे चिमट्यासारखी दोन गटांत जुळलेली असतात, जीभ शरीराहून लांब फेकली जाते आणि चालणे असे की प्रत्येक पावलागणिक विचार करावा. भारतात त्याची एक जात आढळते. तिला मराठीत सरडगुहिरा म्हणतात. आपली म्हण मात्र बहुतेक वेळा कुंपणावरच्या सरड्याला पाहून केलेली असते.

युरोपच्या ग्रंथपरंपरेत शॅमेलिऑनचा पहिला मोठा निरीक्षक ॲरिस्टॉटल. प्राण्यांच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथात त्याने या प्राण्याचे जे वर्णन केले आहे ते जवळून पाहिलेल्या माणसाचे आहे: डोळ्यांची ठेवण, पायांची रचना, शेपटीचे वेटोळे, शरीर फुगल्यावर होणारा रंगबदल, आणि उभे चिरल्यावरही बराच वेळ चालू राहणारा श्वास. यात हवा खाऊन जगण्याची गोष्ट नाही. ती इसवी सनाच्या पहिल्या शतकात येते. ओव्हिडने आपल्या रूपांतरांच्या महाकाव्यात वारा पिऊन जगणारा आणि स्पर्श होईल त्याचा रंग घेणारा म्हणून याचा उल्लेख केला, आणि थोरल्या प्लिनीने आपल्या निसर्गविषयक ग्रंथाच्या आठव्या खंडात ती गोष्ट पक्की केली. त्याच्या म्हणण्याप्रमाणे शॅमेलिऑन सदैव तोंड उघडे ठेवून बसतो, अन्नपाण्यावाचून केवळ हवेवर राहतो, आणि तांबडा व पांढरा सोडून जवळचा कोणताही रंग धारण करतो. पुढे दीड हजार वर्षे हा प्राणी पुस्तकांतून असाच हिंडत राहिला. शेक्सपिअरच्या प्रेक्षकांना तो इतका परिचित होता, की क्लॉडियसने खुशाली विचारताच हॅम्लेट शॅमेलिऑनच्या आहारावरून कोटी करतो आणि ती समजावून सांगावी लागत नाही.

या समजुतीला हसण्याचे कारण नाही. तिच्या मागे अर्धवट का होईना, पण पाहणे आहे. शॅमेलिऑन तासन् तास स्थिर असतो. त्याची फुप्फुसे मोठी असून त्यांना पिशव्यांसारखे फाटे असतात. घाबरला की तो शरीर फुगवतो. जीभ बाहेर पडून भक्ष्यावर आदळते ती सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात. बेसावध पाहणाऱ्याला आधी माशी दिसते आणि नंतर माशी दिसत नाही. मधले जेवण दिसतच नाही. पाणीही तो भांड्यातून सहसा पीत नाही, पानांवरचे थेंब टिपतो. समोर ठेवलेल्या वाटीकडे पाठ फिरवून, तोंड किंचित उघडे ठेवून उन्हात बसलेल्या प्राण्याबद्दल, हा हवेवर जगतो, असे कोणाला वाटले असेल तर ते समजण्याजोगे आहे.

१६६६ मध्ये पॅरिसला विज्ञान अकादमीची स्थापना झाली, आणि तिच्या आरंभीच्या कामांत प्राण्यांचे शवविच्छेदन हे प्रमुख काम होते. चौदाव्या लुईच्या व्हर्सायच्या प्राणिसंग्रहातील मेलेले प्राणी अकादमीच्या टेबलावर येत. या कामाचे सूत्रधार क्लोद पेरो हे वैद्य होते, वास्तुशास्त्रज्ञ म्हणून लूव्हरच्या प्रसिद्ध स्तंभावलीशी त्यांचे नाव जोडलेले आहे, आणि ज्यांच्या परीकथा आजही जगभर वाचल्या जातात त्या शार्ल पेरोंचे ते थोरले बंधू. १६६८ मध्ये अकादमीला एक जिवंत शॅमेलिऑन मिळाला. त्याला वेगवेगळ्या रंगांच्या वस्तूंवर ठेवून पाहण्यात आले, माश्या पकडताना त्याचे निरीक्षण करण्यात आले, आणि तो मेल्यावर त्याचे विच्छेदन झाले. १६६९ मध्ये शॅमेलिऑन, बीव्हर, सांडणीच्या जातीचा उंट, अस्वल आणि हरिण अशा पाच प्राण्यांचे शारीर वर्णन छापून निघाले. त्याने प्लिनीच्या दोन्ही विधानांना धक्का दिला. हा प्राणी खातो. शेजारच्या वस्तूंचे रंग तो उचलत नाही.

येथपर्यंतची हकिकत ग्रंथप्रामाण्यावर प्रयोगाने मिळवलेल्या विजयाची आहे, आणि विज्ञानाच्या इतिहासात ती बहुधा येथेच संपवली जाते. आम्हांला तिच्या पुढचा अध्याय अधिक विचारात पाडतो.

मादलेन द स्क्युदेरी (१६०७–१७०१) हिचे नाव आज फ्रेंच साहित्याच्या अभ्यासकांबाहेर फारसे घेतले जात नाही. पण तिच्या काळात ती युरोपातल्या सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या लेखकांपैकी एक होती. थोरल्या सायरसवरची तिची कादंबरी १६४९ ते १६५३ या काळात दहा खंडांत निघाली. त्यानंतरच्या ‘क्लेली’त तिने कोमल भावनांच्या प्रदेशाचा नकाशा दिला. त्यात ओढ, आदर आणि कृतज्ञता या नद्यांच्या काठची गावे आहेत, उदासीनतेचे सरोवर आहे आणि पलीकडे धोक्याचा समुद्र. मनाच्या हालचालींना भूगोल देणारी ही बाई पॅरिसच्या मारे भागात राहत असे. तिच्या घरी शनिवारी भरणाऱ्या बैठका प्रसिद्ध होत्या. १६७१ मध्ये फ्रेंच अकादमीचे वक्तृत्वासाठीचे पहिले पारितोषिक तिला मिळाले. अकादमीचे सभासदत्व मात्र मिळणे शक्य नव्हते, कारण ती स्त्री होती. फ्रेंच अकादमीत पहिली स्त्री, मार्गरीत युर्सनार, निवडून आली ती १९८० मध्ये. विज्ञान अकादमीने पहिल्या स्त्रीला पूर्ण सभासद करून घेतले ते १९७९ मध्ये.

पारितोषिकाच्या पुढल्याच वर्षी, १६७२ मध्ये, अलेक्झांड्रियाच्या फ्रेंच वकिलाने तिला जिवंत शॅमेलिऑन भेट म्हणून पाठवले. अकादमीकारांनी जे काम टेबलावर केले होते, ते पासष्टीच्या या लेखिकेने घरात आरंभले. विच्छेदनशाळा तिच्याजवळ नव्हती. ऊन येणारी जागा होती, ऊब होती, येणाऱ्याजाणाऱ्या मित्रांचे डोळे होते आणि रोजचा वेळ होता. या सहवासाचा वृत्तांत तिने ‘दोन शॅमेलिऑनांचा इतिहास’ या नावाने लिहिला आणि तो १६८८ मध्ये तिच्या संभाषणात्मक नैतिक निबंधांच्या संग्रहात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी क्लोद पेरो वारले. एका उंटाच्या विच्छेदनात झालेल्या संसर्गाने त्यांना मरण आले असे परंपरा सांगते.

शीर्षकातला ‘इतिहास’ हा शब्द लक्षात घेण्यासारखा आहे. पेरोंनी ‘वर्णन’ लिहिले होते, आणि वर्णन होते ते एका जातीचे. इतिहास होतो तो व्यक्तीचा. स्क्युदेरीच्या घरातले दोन प्राणी तिच्या दृष्टीने दोन वेगळे स्वभाव होते.

हा फरक भावनिक लाडाचा नव्हता; त्यामागे त्या काळातला एक मोठा वाद उभा होता. रने देकार्तने १६३७ मध्ये मांडले होते की पशू हे एक प्रकारचे यंत्र आहे. घड्याळ जसे चाकांनी चालते तसे त्याचे शरीर चालते, त्यात विचार करणारा आत्मा नाही. पॅरिसच्या सुशिक्षित घरांत हा वाद जेवणाच्या टेबलावर होत असे. १६७२ च्याच मार्चमध्ये मादाम द सेव्हिन्येने आपल्या मुलीला लिहिलेल्या पत्रात, प्रेम करणारी आणि मत्सर करणारी यंत्रे कशी असतील, अशी त्याची थट्टा केली आहे. स्क्युदेरीचा कलही देकार्तविरोधी होता. गंमत अशी की देकार्तचीच पुतणी कात्रीन देकार्त तिची स्नेही होती, आणि दर वसंतात बागेत परतणाऱ्या एका पक्ष्यावरून दोघींत पद्यांची देवाणघेवाण झाली होती. पक्ष्याला आठवण असते का, हा प्रश्न त्या पद्यांमागे होता. अशा घरात आलेला शॅमेलिऑन हा शोभेचा प्राणी राहूच शकत नव्हता. तो साक्षीदार होता. त्याला माणूस ओळखता येते का, स्पर्श आवडतो का, तो भितो, रागावतो, निवांत होतो का, आणि त्याचा रंग या अवस्थांबरोबर बदलतो का, हे पाहणे म्हणजे पशूला अंतरंग आहे की नाही याचा पुरावा गोळा करणे होते. मेलेल्या प्राण्याकडून हा पुरावा मिळाला नसता.

स्क्युदेरीच्या बाजूने आपण येथवर आनंदाने येतो. सुरी विरुद्ध माया, अकादमीचे पुरुष विरुद्ध घरातली स्त्री, अशी मांडणी आजच्या वाचकाला आवडण्याजोगीही आहे. पण तिच्या निरीक्षणांचा जो गोषवारा अठराव्या शतकातील कोशांतून फिरत राहिला, तो वाचताना पाऊल थबकते. शॅमेलिऑन आपला रंग वरचेवर बदलत, पण ज्या वस्तूवर ठेवले तिचा रंग ते घेत नसत, असे त्यात आहे. हे बरोबर होते. त्यांना रोज उन्हात आणि मोकळ्या हवेत नेले जाई. हेही, आज आपण जाणतो, फार बरोबर होते. आणि कित्येक महिने त्यांनी काहीही खाल्ले नाही, ऊन आणि हवा हाच त्यांचा आहार दिसला, असेही त्यात आहे.

जिला या प्राण्याचे मन दिसले, तिला त्याची भूक दिसली नाही.

याचे कारण निष्काळजीपणा नव्हते. आजच्या ज्ञानाने पाहिले तर न खाणारा शॅमेलिऑन हा आजारी किंवा घाबरलेला शॅमेलिऑन असतो. लांबचा समुद्रप्रवास, अपरिचित थंडी, सततची हाताळणी आणि जातभाईचा शेजार, यांतले एकेक कारणही त्याची अन्नावरची वासना उडवायला पुरते. हे प्राणी स्वभावतः एकांडे असतात, आणि दोघांना एकमेकांच्या नजरेसमोर ठेवणे हीच मोठी शिक्षा ठरू शकते. मेलेले किंवा स्थिर अन्न त्याला अन्न वाटत नाही. भक्ष्य हलावे लागते. सरपटणाऱ्या प्राण्याच्या शरीराला उष्णतेसाठी अन्न जाळावे लागत नाही, म्हणून तो दीर्घकाळ उपाशी तग धरतो, आणि त्याचे खंगणे इतके सावकाश असते की रोज पाहणाऱ्यालाच ते दिसत नाही. स्क्युदेरीचे शॅमेलिऑन वर्षानुवर्षे जगले नाहीत; त्यांच्या सहवासाचा हिशोब महिन्यांचाच आहे.

परंतु एवढ्याने उत्तर पुरे होत नाही. अकादमीचे मत छापून तीन वर्षे झाली होती आणि स्क्युदेरीसारख्या बहुश्रुत लेखिकेपर्यंत ते पोहोचले नसेल असे मानता येत नाही. तरीही उपास दिसला तेव्हा तिला तो उपास वाटला नाही. तो स्वभाव वाटला. ओव्हिड आणि प्लिनी यांच्या वाचनावर वाढलेल्या मनाला हवेवर जगणारा प्राणी हा आश्चर्याचा असला तरी अपेक्षित होता. अन्न नाकारणारा कुत्रा पाहून ती घाबरली असती. अन्न नाकारणारा शॅमेलिऑन पाहून तिला एक सुंदर गोष्ट खरी ठरताना दिसली. प्राणी आणि पाहणारी यांच्या मध्ये वाचलेले येऊन बसले होते. मग पेरोंनी अधिक पाहिले असे म्हणावे काय? त्यांनी भूक पाहिली, पोट उघडून पाहिले. पण तो प्राणी कोणाला ओळखत होता काय, हा प्रश्न त्यांच्या टेबलावर नव्हता. पीटर साहलिन्स या इतिहासकाराने १६६८ हे फ्रान्समधील ‘प्राण्यांचे वर्ष’ मानून २०१७ मध्ये एक ग्रंथ लिहिला आहे. पेरो आणि स्क्युदेरी यांच्या शॅमेलिऑनांना त्यात स्थान मिळाले ते उगाच नाही. पशूकडे पाहण्याच्या दोन रीती त्या चार-पाच वर्षांत एकाच शहरात, एकाच प्राण्यावर तपासल्या गेल्या आणि दोन्ही अपुऱ्या पडल्या.

त्या दोन रीती एकत्र यायला तीनशे वर्षे लागली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत शॅमेलिऑन पाळण्याची हौस वाढली, आणि मादागास्कर व पूर्व आफ्रिकेतून पकडून आणलेले प्राणी मोठ्या संख्येने काचेच्या पेट्यांत मेले. स्क्युदेरीच्या घरातली चूक आता बाजाराच्या प्रमाणावर होत होती. १९७७ मध्ये शॅमेलिऑनांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराच्या नियंत्रणाखाली आला. पाळणाऱ्यांनी आणि पशुवैद्यांनी हळूहळू जे शिकून घेतले ते दिसायला साधे आहे: चारही बाजूंनी हवा खेळेल असा उंच जाळीचा पिंजरा, आत जिवंत झाडाच्या फांद्या, दिवसातून काही वेळा पानांवर पाण्याचा फवारा, कॅल्शियमची पूड लावलेले जिवंत किडे, एका पिंजऱ्यात एकच प्राणी, आणि हात शक्यतो दूर. ऊन हवेच, कारण त्यातील अतिनील किरणांवाचून शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही व हाडे मऊ पडतात. खिडकीची काच हे किरण अडवते, म्हणून काचेआडचे ऊन कामाचे नाही. ऊन आणि हवा यांवर तो जगतो, हे प्राचीनांचे वाक्य एका अर्थाने अर्धे खरे निघाले. त्यांवाचून तो जगत नाही. केवळ त्यांवर मात्र मुळीच नाही. भारतातील सरडगुहिऱ्याला तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्याला पकडणे वा घरी पाळणे हा गुन्हा आहे. आपल्या बाबतीत त्याची सर्वात चांगली निगा म्हणजे तो ज्या फांदीवर असेल त्या फांदीवर त्याला राहू देणे.

आता पुन्हा प्रतिमेकडे. २००८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील बुटक्या शॅमेलिऑनांच्या अभ्यासातून असे पुढे आले, की रंग बदलण्याची त्यांची असामान्य क्षमता उत्क्रांत झाली ती लपण्यासाठी नसून एकमेकांना दिसण्यासाठी. प्रतिस्पर्ध्याला धमकावणे, मादीला आर्जव करणे, माघार कबूल करणे, हे सारे तो कातडीवर लिहितो. २०१५ मध्ये जिनीव्हातील संशोधकांनी दाखवले की मादागास्करच्या एका जातीच्या त्वचेत ग्वानिनच्या अतिसूक्ष्म स्फटिकांची जाळी असते. प्राणी शांत असताना स्फटिक दाटीने असतात आणि तो हिरवा दिसतो. उत्तेजित झाला की त्यांच्यातले अंतर वाढते आणि पिवळे-तांबडे रंग उमटतात. थोडक्यात, शेजारचा रंग तो घेत नाही. आतला रंग तो झाकू शकत नाही. संधिसाधू माणसासाठी यापेक्षा चुकीची उपमा शोधून सापडणार नाही.

कीट्सच्या पत्राचे काय करायचे, हा प्रश्न मग वर्गात येतोच. विज्ञानाने उपमा खोटी पाडली म्हणून विचार खोटा ठरत नाही. कीट्सला जे म्हणायचे होते ते त्याच्या कवितेत सिद्ध आहे. पण उपमा दुरुस्त करून पाहिली तर कवीविषयी दुसरा एक विचार हाती येतो: ज्याला आपली अवस्था लपवता येत नाही आणि म्हणून जो एकांतात राहणे पसंत करतो, असा कवी. भावनांचा नकाशा काढणाऱ्या स्क्युदेरीला हा अर्थ बहुधा आवडला असता. तो तिच्या हाताच्या अंतरावर होता.

साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांनी तिच्या घरून परतताना बरोबर न्यायचे ते एवढेच. आपणही कृतींना जपतो, उन्हात नेतो, त्यांचे रंग मोजतो. आणि पूर्वी वाचलेल्या एखाद्या सुंदर वाक्यामुळे त्यांचा उपास आपल्याला स्वभाव वाटत असतो. अलेक्झांड्रियाहून आलेल्या त्या पाहुण्याला माया कमी पडली नाही. कोणीतरी समोर एक जिवंत माशी सोडून, श्वास रोखून, थोडा वेळ थांबायला हवे होते.